बाज्यातली म्हातारी

द्राक्षं आली. इंदिरानगरच्या मोठ्या रस्त्याला हातगाड्यांची रांग लागली आणि आमच्या सोसायटीतल्या सभ्य माणसांचा वार्षिक उद्योग सुरू झाला. पहिल्या गाडीवरचा एक मणी तोडायचा, चघळायचा, तोंड वाकडं करायचं, "आंबट आहेत हो" म्हणायचं आणि पुढच्या गाडीकडे सरकायचं. रांग संपेपर्यंत पोट भरतं. मग बायकोला दाखवायला म्हणून पाव किलो घ्यायची आणि तेवढ्यासाठीही गाडीवाल्याशी हुज्जत घालायची. हल्ली यात नवी भर पडली आहे. गंगापूर धरणाकडे वाइनच्या बागा झाल्या आहेत. तिथे रविवारी जाऊन पेल्यात नाक खुपसायचं आणि "लाकडाचा वास येतोय" असं डोळे मिटून सांगायचं. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ परवा तसं सांगत होते. त्यांना तेव्हा सर्दी झाली होती.

मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे माणसांविषयी माझं मत मुळातच फारसं बरं नाही. द्राक्षांच्या दिवसांत ते आणखी खालावतं. हिरव्या मण्यांवरची ती पांढुरकी झाक दिसली की मला आमच्या गावचं चर्च आठवतं, चर्चमधला बाजा आठवतो, आणि दहाएक वर्षांपूर्वी काही कर्तबगार लोकांनी मिळून त्या बाज्याचा केलेला उद्धार आठवतो. मग एकही द्राक्ष न खाता दिवसभर माझे दात आंबलेले राहतात.

आमचं गाव दिंडोरीच्या पुढे. काळ्या दगडाचं, कौलारू छपराचं चर्च गावाच्या वरच्या अंगाला आहे. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणायची. आत, वेदीच्या डाव्या हाताला, हा बाजा. सागवानी कपाटाएवढा सांगाडा, त्यात उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या शिसं-कथलाच्या नळ्या, पुढे पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणि मागे चामड्याचा भला मोठा भाता. भात्याचा लांब लाकडी दांडा वरखाली केला की हवा भरते. पट्टी दाबली की आतली झडप उघडते, हवा नळीत शिरते आणि सूर निघतो. मिशनच्या काळात तो विलायतेहून बोटीने आला आणि नाशिक रोडपासून बैलगाडीने गावात पोचला. कागदोपत्री त्याचं नाव पाइप ऑर्गन. पण घरोघरची असते ती पेटी आणि हा मोठा तो बाजा, अशी गावाने आपल्यापुरती सोय लावून टाकली होती.

या बाज्यात एक म्हातारी राहायची.

खालच्या सप्तकातल्या काळी दोनची झडप कुठल्याशा पावसाळ्यात बिघडली आणि उघडीच राहिली. तिची नळी बंद करायची खुंटीही आधीच तुटलेली होती. त्यामुळे भात्यात हवा भरली रे भरली, की कुणी पट्टीला बोट लावो न लावो, तो एक सूर घुमायला लागायचा आणि हवा संपेपर्यंत घुमत राहायचा. विलायतेत याला बिघाड म्हणत असतील. आमच्या गावाने त्याला सा मानलं. आमच्या मंडळीत विलायती गाण्यांपेक्षा भजनं जास्त. भजनाला तंबोरा लागतोच, तो बाज्याने आपणहून पुरवला, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत झाली. सूर जरा घोगरा होता, म्हणून त्याचं नाव म्हातारी.

म्हातारी बोलली की मंडळी गायची. तबला तिच्याशी मिळवायचा. पाळकसाहेब बदलून यायचे ते पहिल्या रविवारी दचकायचे आणि सहा महिन्यांत प्रार्थनासुद्धा तिच्याच सुरात म्हणायला लागायचे. बागेत घड तोडताना बायका गुणगुणायच्या तेही काळी दोनमध्येच. तिथे ना बाजा ना पेटी, पण तो सूर त्यांच्या अंगात भिनलेला. मी नाशिकला कॉलेजात असताना एका गाण्याच्या स्पर्धेत पेटीवाल्याने मला विचारलं, "पट्टी कोणती?" मी म्हटलं, "आमची." तो हसला. मी दुसरा पेटीवाला मागितला.

बाजा वाजवायची माझी कमलआत्या, वडिलांची थोरली बहीण. गावच्या शाळेत ती बाई होती, त्यामुळे अर्ध्या गावाचे कान तिने पिळलेले होते आणि उरलेलं अर्धं गाव त्यांची पोरं. लग्न केलं नाही. पांढरीशुभ्र नऊवारी नाही, फिकट रंगाची पाचवारी, आणि आकड्यांनी घट्ट बसवलेला अंबाडा. त्या अंबाड्यातून एक केस सुटलेला गावात कुणी पाहिला नव्हता. बाजा तिला मिशनच्या शेवटच्या मिस साहेबांनी शिकवला. त्या मायदेशी परतल्या आणि त्याच पावसाळ्यात म्हातारी अडकली. तेव्हापासून तीसेक वर्षं आत्याने प्रत्येक चाल, देशी असो की विलायती, उचलून काळी दोनवर आणून बसवली होती. मला वाटायचं, आत्याचं आणि म्हातारीचं मेतकूट जमलं आहे. वाटण्यात मी नेहमीच फार वेगवान.

तर, रूबेन पगारे नावाचे गृहस्थ सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन गावी परतले. निवृत्त माणूस गावी परतला की गावाने सावध राहावं. त्याच्याकडे वेळ असतो, पेन असतं आणि ऐकणारं कुणी नसतं. यांनी मुंबईत कुठेतरी मोठ्या चर्चमध्ये दुरुस्त केलेला ऑर्गन पाहिला होता आणि सोबत एक शब्द आणला होता, हेरिटेज. हा शब्द आल्यापासून बाज्याला बाजा म्हणणं बंद झालं. समिती स्थापन झाली. तिचं नाव जीर्णोद्धार समिती. वेशीवर कापडी फलक लागला, त्यावर 'जिर्णोध्दार' असं लिहिलं होतं. आत्याने येता-जाता तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी रस्त्यातच रूबेनभाऊंना थांबवलं.

"रूबेन, जीर्णमधला जी कसा?"

"दीर्घ, बाई." साठीचा माणूस, हात आपोआप मागे बांधले गेले.

"मग?"

"पेंटरची चूक आहे, बाई."

"सही तुझी आहे ना खाली?"

फलक बदलला नाही. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्यावर द्राक्षाच्या औषधाची जाहिरात लागली.

समितीच्या बैठका मी पाहिल्या आहेत. शनिवारी मी गावी जायची, आणि बैठक आमच्याच ओसरीवर भरायची, कारण आत्याचा चहा चांगला असायचा. बाज्याला नेमकं झालंय काय, या प्रश्नावर समितीचं फार लवकर एकमत झालं. आवाज बारीक आहे. आत एखादा माइक बसवता येईल का? एक सभासद म्हणाले, नळ्या कळकट दिसतात, फोटोत बऱ्या येणार नाहीत. म्हणून मुंबईहून बोलावलेला तज्ज्ञ यायच्या आधीच, त्याला बरं वाटावं म्हणून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्याकडून समोरच्या सगळ्या नळ्यांना चंदेरी ऑइलपेंट मारून घेण्यात आला. म्हातारीच्या नळीलाही. पुढच्या रविवारी ती बोलली तेव्हा तिला पडसं झाल्यासारखं वाटत होतं. मंडळीही इमानाने तशीच नाकात गायली.

बाजा वाजवणाऱ्या बाईला यातलं कुणीही काही विचारलं नाही. तिला चहा मात्र मागितला.

संक्रांत झाली, बागांमध्ये माल तयार झाला, आणि मुंबईहून लोबो नावाचे कारागीर आले. त्यांना तुच्छ लेखायची माझी पूर्ण तयारी होती. रूबेनभाऊ त्यांना ज्या पद्धतीने हार घालत होते त्यावरून तरी माणूस भिकार असणार, असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला. त्यांनी चंदेरी नळ्या पाहिल्या, हार काढून बाकावर ठेवला आणि इंग्रजीत एक शब्द उच्चारला, जो वेदीसमोर उच्चारत नाहीत. पाळकसाहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं. मला लोबो तिथेच आवडून गेले.

त्या दिवसांत चर्चचं द्राक्षाचं खळं झालं होतं. सगळ्या नळ्या उतरवून ठेवायला लोबोंना खोकी हवी होती. गावात तेव्हा खोक्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. एक्स्पोर्टच्या मालासाठी आणलेली पुठ्ठ्याची खोकी, कागदाच्या कातरणासकट, बाकांवर ओळीने मांडली गेली आणि त्यांत नळ्या निजवल्या. बाहेर बागेतून घडांची खोकी ट्रकमध्ये चढत होती, आत सूर खोक्यांमध्ये झोपले होते. एका नळीत कुंभारीणमाशीचं मातीचं घर निघालं, एकीत कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं. चर्चभर सरसाचा वास यायचा आणि दारातून बागेतल्या औषधाचा. अजूनही कुठे सरस उकळताना वास आला की मला तहान लागल्यासारखं होतं.

दांडा मारायचं काम लाजरसकडे असायचं. चर्चची झाडलोट, घंटा आणि भाता हे त्याचं राज्य. लोबो एकेक झडप तपासत काळी दोनपाशी आले तेव्हा मी तिथे होते.

"ये नोट किती दिवस अशी आहे?" लोबोंनी त्यांच्या मुंबईच्या मराठीत विचारलं.

"कोन, म्हातारी?" लाजरस म्हणाला. "ती पयल्यापासून हाय."

"कौन म्हातारी?"

"हीच की. ती तशीच ऱ्हाती, सायब. तिला नका डिवचू. लय गुणाची हाय."

लोबोंना वाटलं, चर्चमध्ये भूत आहे असं हा सांगतोय. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की असं काही नसतं, एवढीशी स्प्रिंग गंजली आहे. आणि खिशातून नवी, चकचकीत, करंगळीएवढी स्प्रिंग काढून बसवली. काम झालं. गावाचा सा गेला. बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत होता, बाकी सगळं जागच्या जागी होतं.

मी चपला न घालताच घरी धावले. आत्या ओसरीवर वाल सोलत बसली होती. मी जे काही बोलले ते आज शब्दशः आठवत नाही, पण त्यात अडाणी, नतद्रष्ट आणि टायवाली माकडं हे शब्द होते. म्हातारी मारली यांनी, आत्या. तुझी म्हातारी. तुला विचारलं तरी का? तू काही बोलणार आहेस की नाही? आता रविवारी लोक गाणार कसे?

आत्याने हातातली शेंग पुरती सोलली.

"मेली का?" ती म्हणाली. "बरं झालं."

"अगं, काय बोलतेस तू?"

"तीस वर्षं छळलं मला तिने. बेबी, तुम्हाला सगळ्यांना ती सा वाटते. मला ती दारात आडवी झोपलेली म्हैस वाटायची. कुठे जायचं म्हटलं की आधी तिला ओलांडा."

मग ती जे बोलली ते मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मिस साहेबांनी जाण्याआधी तिला एक चाल शिकवली होती. शब्द नसलेली, नुसती वाजवायची, पांढरी पाचमधली. अवघड होती. पावसाळाभर घरच्या टेबलावर बोटं आपटून तिने ती बसवली आणि बाज्यावर वाजवायला गेली, तर म्हातारी अडकलेली. पांढरी पाचच्या गाण्यात काळी दोन अखंड वाजत राहिली की काय होतं ते पेटीवर कुणीही करून बघावं. भरल्या घरात कुणीतरी एकसारखं रडत बसल्यासारखं होतं. चर्चच्या पंचांना तिने सांगून पाहिलं. पंच म्हणाले, बाई, एवढा छान सूर आपोआप मिळतोय, तुमचं आपलं काहीतरीच. तेव्हापासून ती चाल तिच्या बोटांतच राहिली होती.

"आता बोटं आखडायला लागली आहेत," ती म्हणाली. "ईस्टरपर्यंत चालतील. एकदा वाजवायची आहे मला. चर्चमध्ये, माणसं बसलेली असताना."

वालाच्या टोपलीच्या कडेवर तिचा उजवा हात पडला होता आणि बोटं आपली आपण हलत होती. मी खाली बसले आणि शेंगा सोलायला लागले. माझ्या रागाला आता मालकच उरला नव्हता, आणि असा बेवारशी राग फार अवघड जागी दुखतो.

तो लगेच कामी आला म्हणा. ईस्टरला उद्घाटन आणि वाजवायला मुंबईचे पाहुणे, असं समितीने ठरवलं. आत्याचा शाल देऊन सत्कार होणार होता. सत्कार म्हणजे माणसाला बाजूला बसवायची सर्वांत सभ्य रीत, ही गोष्ट बँकेतल्या निरोपसमारंभांमुळे मला चांगली ठाऊक होती. मी रूबेनभाऊंकडे गेले आणि म्हटलं की आत्याला वाजवू द्या, निदान एक चाल.

"बाईंचं वय झालं, बेबीताई," ते म्हणाले. "आणि आता हा नाजूक इन्स्ट्रुमेंट आहे. हेरिटेज आहे. कुणीही हात लावून चालत नाही."

"कुणीही म्हणजे?"

"तसं नाही हो. भावना समजून घ्या."

भावना समजून घ्या, असं म्हणणाऱ्या माणसाला कुठलीच भावना नसते, एवढं मला त्या दिवशी समजलं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे." आणि संध्याकाळी मी पाहिलं, ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोळपाट पालथा घालून त्यावर वाजवत होती.

ईस्टरची सकाळ. बागा रिकाम्या झाल्या होत्या, खरडछाटणी सुरू होती, रस्त्याच्या कडेला तोडलेल्या काड्यांचे ढीग. उजाडतानाची उपासना, चर्च खचाखच भरलेलं. समितीच्या सभासदांनी नाशिकच्या त्या उन्हाळ्यात कोट घातले होते आणि सूर्य वर यायच्या आत ते घामाने निथळत होते. बाज्याला लाल रेशमी फीत बांधलेली. बाज्यापेक्षा मोठी संगमरवरी पाटी, तिच्यावर समितीची नावं. आत्याला तिसऱ्या बाकावर बसवलं होतं, मांडीवर शाल आणि नारळ. नारळ मांडीवरून घरंगळत होता आणि ती तो एका हाताने धरून बसली होती.

फीत कापली. पाहुणे बसले. लाजरसने दांडा मारला आणि कान टवकारले. म्हातारी बोलेना. त्याला वाटलं हवा पोचत नाही, म्हणून त्याने आणखी जोर लावला. इतकी वर्षं हवा भरल्याची खूण म्हणजे तीच होती. शेवटी लोबोंनी त्याचा हात धरला.

पाहुण्यांनी सुंदर वाजवलं, खोटं कशाला बोलू. एकेक सूर धुऊन वाळवल्यासारखा स्वच्छ. पुस्तकात होती त्या पट्टीत त्यांनी पहिल्या गीताची सुरावट दिली, थांबले, आणि मान हलवून मंडळीला खूण केली.

मंडळी गप्प.

त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. मंडळी उभी होती, तोंडं उघडी होती, आणि सगळी म्हातारीची वाट बघत होती. शेवटी रूबेनभाऊंनी हवेत हात उडवले आणि गाणं सुरू झालं. आठवण होती म्हणून बायकांनी काळी दोन धरली. बाजा पांढरी चारमध्ये. पुरुषांनी दोहोंच्या मध्ये कुठेतरी जागा पाहिली. तबलजीने एक ठोका टाकून बघितला आणि हात झटकून बसला. दुसऱ्या कडव्यापर्यंत अशी काही अवस्था झाली की पुनरुत्थानाऐवजी लोक परत थडग्यात चाललेत असं वाटावं. तिसरं कडवं कुणी म्हटलंच नाही. पाहुणे घाम पुसत म्हणाले की गावच्या लोकांना ऑर्गनची सवय नसते. मी आयुष्यात पहिल्यांदा वेदीच्या दिशेने चप्पल फेकायचा विचार केला.

मग पाठीमागून कुणी तरी म्हणालं, "बाईंना बसवा की."

"बाईंना बोलवा."

"म्हातारी कुठं गेली? बाई काढतील तिला."

रूबेनभाऊ आत्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. आत्याने नारळ माझ्या हातात दिला, शाल बाकावर ठेवली आणि उठली.

ती बसली आणि तिने तीच चाल वाजवली. पांढरी पाचमधली.

बोटं आखडली होती, दोनदा अडखळली, पण मी आत्याच्या हातांतून असं काही निघताना कधी ऐकलं नव्हतं. तो सूर कुठेच टेकत नव्हता. वर जायचा, वळायचा, सोडून द्यायचा. आणि चर्चमध्ये काय चाललं होतं? पहिल्या बाकावर समिती घड्याळं बघत होती. बायका एकमेकींना विचारत होत्या, हे कोणतं गाणं? पुस्तकाची पानं उलटली जात होती. पोरं बाहेर ईस्टरची लपवलेली अंडी शोधायला पळाली होती. एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "बाई बोटं मोकळी करतायत." सगळ्यांना ते पटलं आणि सगळे धीराने थांबले. दांड्यावरचा लाजरससुद्धा माझ्याकडे बघून म्हणाला, "कदी सुरू व्हनार?"

चाल संपली. टाळी नाही, आमेन नाही. सगळे तयारीत उभे, आता गाणं सुरू होईल म्हणून.

आत्या पाठमोरी बसली होती. मग तिने डावा हात डोक्यामागे नेला आणि अंबाड्यातला एक आकडा उपसला. खालच्या सप्तकातली काळी दोन दाबली आणि तिच्या बाजूच्या फटीत तो आकडा खोचून टाकला. पट्टी खालीच राहिली. म्हातारी बोलली.

आवाज असा उठला की कौलांवरची कबुतरं उडाली. बायका, पुरुष, तबला, पोरं दारातून परत आत, पाळकसाहेब, सगळे एका सुरात. मीसुद्धा. मी ठरवलं होतं की गायचं नाही, यांच्याबरोबर तर नाहीच नाही, पण तो सूर लागला की तोंड आपोआप उघडतं. त्यात माझं काही चालत नाही. गाता गाता मी बघत होते, एक आकडा गेल्यामुळे आत्याचा अंबाडा हळूहळू ढिला झाला, मग सुटला, आणि ते सगळे पांढरे केस पाठीवर मोकळे पडले. भर चर्चमध्ये. तिने ते आवरले नाहीत. तिचे दोन्ही हात कामात होते.

उपासना संपल्यावर रूबेनभाऊ धावत आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंखुरं.

"बाई," ते म्हणाले, "सार्थक झालं. ऑर्गन अगदी पहिल्यासारखा झाला."

लोबो माझ्या शेजारीच अवजारं भरत होते. त्यांनी तो आकडा पाहिला, आत्याकडे पाहिलं आणि आकड्याला हात न लावता अवजारांची पेटी बंद केली. संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. आत्याचंही नव्हतं. तेवढी एक गोष्ट समितीच्या हातून बरी झाली असं मला वाटतं.

चर्च रिकामं झाल्यावर मी आत्याजवळ गेले. मला सांगायचं होतं की मी ऐकलं, मी सगळं ऐकलं.

"आत्या, ती चाल..."

"त्यांना वाटलं मी बोटं मोकळी करतेय," ती म्हणाली. आणि हसली. तिच्या हसण्यात या सगळ्या जमातीबद्दल इतका स्वच्छ तिरस्कार होता की माझा त्यापुढे काहीच नाही. तो माझ्या रक्तात कुठून आला ते मला तेव्हा कळलं. "तीस वर्षं वाटायचं, म्हातारी आडवी येते. ती बिचारी एकटी काय करणार?"

मग केस हातात गोळा करून तिने विचारलं, "बेबी, आकडा आहे का गं तुझ्याकडे एखादा?"

माझा बॉयकट होता. बँकेतल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. आत्याने खाली वाकून, रूबेनभाऊंनी कापलेल्या लाल फितीचा एक तुकडा जमिनीवरून उचलला, त्याने केस बांधले आणि नारळ काखोटीला मारून उन्हात घरी निघाली.

आत्या जाऊन आता चार द्राक्षांचे हंगाम झाले. चर्चमध्ये इलेक्ट्रिकचा कीबोर्ड आला आहे, त्यात बटण दाबलं की तबला आपोआप वाजतो. वीज गेली की लाजरस बाज्यावरची चादर काढतो आणि दांडा मारतो. हल्ली वीज बऱ्याचदा जाते. आकडा अजून तिथेच आहे, थोडा गंजलाय. मागच्या वर्षी समितीने विषय काढला होता की ती वस्तू हेरिटेजला शोभत नाही. लाजरसने सांगितलं, काढा, पन मंग गानं तुमी म्हना. विषय तिथेच बारगळला.

मी केस अजून कापूनच ठेवते. पण दर वर्षी पहिली हातगाडी दिसली की शेजारच्या बांगडीवाल्याकडून आकड्यांचं एक पाकीट घेऊन येते आणि पर्समध्ये टाकते. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला हे कशाला लागतं? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही वास घ्या.